चौथ्या मजल्यावर बाबा, तळमजल्यावर सर्व्हर

बाबा पडले त्या गुरुवारी मी हिंदमाताजवळच्या आमच्या ऑफिसात बसून यादी करत होते. साडीच्या दुकानाच्या वर आमची सहा माणसांची कंपनी होती. छोटी ऑफिसं, शाळा, दवाखाने यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळायचो. येत्या रविवारी परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मला नवा सर्व्हर बसवायचा होता, त्यासाठी काय काय न्यायचं ते मी लिहीत होते. दोन पेन ड्राइव्ह, केबल, जादाचा कीबोर्ड, बारीक स्क्रू ड्रायव्हर. तेवढ्यात आईचा फोन आला.

"बाबा मोरीत पडले. त्यांना उठता येत नाहीये गं."

लालबागच्या आमच्या चाळीत जिना अरुंद. शेजारच्या चौघांनी बाबांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. जवळचं रुग्णालय तेच, माझं रविवारचं काम होतं तेच. तिथली माणसं ओळखीची होती म्हणून मला जरा धीरही वाटला. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुक्रवारी ऑपरेशन झालं आणि ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

कामाबद्दल थोडं सांगायला हवं. रुग्णालयाच्या लॅबचं सगळं काम एका जुन्या सर्व्हरवर चालायचं. रक्ताचे, लघवीचे रिपोर्ट, पेशंटचे नंबर, मागच्या कित्येक वर्षांच्या नोंदी. यंत्र म्हातारं झालं होतं. पंखा घरघरायचा, सुटे भाग बाजारात मिळत नव्हते. लॅबचं सॉफ्टवेअर तर त्याहून जुनं, नव्या विंडोजवर ते चालतच नसे. म्हणून असं ठरलं की नवा, ताकदीचा सर्व्हर घ्यायचा, त्यावर व्हर्च्युअलायझेशनचा प्लॅटफॉर्म चढवायचा, आणि त्या प्लॅटफॉर्मवर जुनं मशीन जसंच्या तसं, त्याच्या विंडोजसकट, सॉफ्टवेअरसकट कॉपी करून ठेवायचं. एका लोखंडी खोक्याच्या आत अशी तीन-चार मशीन राहू शकतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत.

बाबा पडण्याच्या आठवडाभर आधी हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं. ते महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माझ्या कामातलं काहीही ते नीट विचारून घेत.

"म्हणजे भाडेकरू तेच, फक्त चाळ नवी?" ते म्हणाले.

"तसंच. आणि भाडेकरूला कळणारही नाही, घर बदललं म्हणून."

"कळतं गं," बाबा म्हणाले. "भाडेकरूला कळतंच."

शनिवारी संध्याकाळी बाबा चुकीचं बोलायला लागले. आधी त्यांनी आईला विचारलं, गिरणीचा भोंगा झाला का. आईला वाटलं, झोपेत आहेत. मग त्यांनी सलाइनच्या नळीकडे बघत "ही दोरी कोणी बांधली?" असं विचारलं. वॉर्डातल्या डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. म्हणाल्या, "या वयात ऑपरेशननंतर होतं असं. भूल, दुखणं, नवी जागा. काही दिवसांत उतरतं बहुतेक वेळा." त्यातलं "बहुतेक वेळा" तेवढं माझ्या कानात राहिलं.

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, रविवारचं काम पुढे ढकलू या का? ते वाईट नव्हते. पण लॅबला नोटीस गेली होती, रविवारी ओपीडी बंद म्हणून तोच दिवस ठरला होता, आणि हे काम येणारा दुसरा मुलगा गावी गेला होता. "तू तशीही त्याच बिल्डिंगमध्ये आहेस ना," ते म्हणाले. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला हो म्हणायचंच होतं. खाटेशेजारी बसून मला काही करता येत नव्हतं. खाली निदान काहीतरी येत होतं.

रविवारी सकाळी आठला मी तळमजल्यावर गेले. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वी एक्स-रेच्या फिल्म ठेवायची जागा. खिडकी नाही, एक एसी. लॅबचे मुख्य टेक्निशियन माझ्याआधी येऊन बसले होते. निवृत्तीला आलेले, पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणायचे.

"आजचे रिपोर्ट हाताने लिहिणार आम्ही," ते म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत चालू होईल ना, मॅडम?"

"होईल," मी म्हटलं.

नव्या सर्व्हरला पेन ड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलेशन सुरू केलं. पडद्यावर ओळी धावल्या, मग थांबल्या. डिस्क सापडत नाही. आत चार नव्याकोऱ्या डिस्क बसवलेल्या, मी स्वतः बसवलेल्या, आणि तो म्हणतो एकही नाही. डिस्क ज्या कार्डाला जोडलेल्या होत्या ते कार्डच त्याला ओळखता येत नव्हतं. त्याचा ड्रायव्हर घातलेला वेगळा इन्स्टॉलर हवा होता. त्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. मी लॅपटॉप घेऊन बाहेर, रक्त देण्यासाठी लोक बसतात त्या बाकावर बसले आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून ती फाइल उतरवत राहिले. तासभर गेला. दुसऱ्या वेळी डिस्क दिसल्या. प्लॅटफॉर्म चढला, मशीन पुन्हा सुरू झालं, आणि त्याने तक्रार केली की प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद आहे. ती कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. केली. मग पडद्यावर तो शांत, रिकामा तक्ता आला, मशीनचा पत्ता आणि खाली दोन ओळी. एरवी या क्षणी मी चहा मागवते.

आईचा फोन आला. "वर ये. त्यांनी सुई उपटलीय."

लिफ्ट खाटा न्यायला अडकली होती. मी जिन्याने चार मजले चढले. बाबांच्या हातावर रक्त सुकलं होतं आणि नर्सने त्यांचा तो हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला सैलसा बांधला होता. ते आढ्याकडे नाही, दाराकडे बघत होते.

"दार लाव गो," ते म्हणाले. मालवणीत. घरी ते माझ्याशी कधी मालवणीत बोलले नव्हते. ती त्यांची त्यांच्या आईशी बोलायची भाषा. "फडको भिजव. डोळे झोंबतत."

"बाबा, मी आहे."

"भायेर जाव नको. कर्फ्यू आसा." मग हळू आवाजात, "दादा इलो नाय अजून."

आईने मला बाजूला घेऊन सांगितलं. ही गोष्ट तिने लग्नानंतर सासूकडून ऐकली होती, मी पहिल्यांदाच ऐकत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत बाबा आठ-नऊ वर्षांचे होते. लालबाग-परळला रोज काही ना काही पेटायचं. एका सकाळी त्यांचा मोठा भाऊ, सतरा वर्षांचा, गिरणीत बदली कामगार, मोर्चात निघून गेला. दुपारी अश्रुधूर सोडला, तो चाळीच्या चौकापर्यंत आला, आणि मग कर्फ्यू लागला. गोळीबार झाल्याची बातमी गॅलरी-गॅलरीतून फिरली. आजीने फडकी भिजवून पोरांच्या डोळ्यांवर ठेवली आणि ती उंबऱ्यापाशी बसून राहिली. बाबा तिच्या मांडीला लागून. भाऊ त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. एका ओळखीच्याच्या खोलीत अडकला होता. अंगावर ओरखडाही नव्हता.

तो भाऊ म्हणजे माझे मोठे काका. मी त्यांना चांगलं ओळखत होते. दर गणपतीला यायचे, पानाचा डबा बरोबर, आल्या आल्या पंखा वाढवायला सांगायचे. पुष्कळ जगले आणि म्हातारपणाने गेले. म्हणजे बाबा ज्याची वाट बघत होते ती गोष्ट कधीच संपली होती, आणि चांगली संपली होती. मला शेवट माहीत होता. मी खाटेवर वाकले आणि म्हटलं, "बाबा, काका आले होते. दुसऱ्या दिवशी आले. तुम्हीच त्यांच्याबरोबर गावी जायचात, आठवतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

मग मी खोटं बोलले. मोडक्या मालवणीत म्हटलं, "दादा इलो."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. मान उचलून ते दाराकडे बघायला लागले. "खंय?"

दारात कोणी नव्हतं. एक वॉर्डबॉय बादली घेऊन गेला. बाबा बघत राहिले आणि मग मान टाकून रडायला लागले, आवाज न करता. तेवढं मी केलं होतं.

मी खाली परत गेले. आता जुन्या मशीनची कॉपी सुरू करायची होती. लॅबचं सॉफ्टवेअर बंद करून कॉपीचा प्रोग्राम लावला, दोन्ही मशीन एकमेकांना जोडली, आणि पडद्यावर टक्के सरकायला लागले. चार, पाच. सर मधूनमधून डोकावून जात. हाताने लिहिलेल्या रिपोर्टांच्या चिठ्ठ्या ते स्वतः वॉर्डांत पाठवत होते. बाराच्या सुमाराला त्यांनी सांगितलं, "तुमच्या वडिलांचं रक्त आलंय वरून. सोडियम बघायला." मी मान हलवली. टक्के चाळीसवर होते.

पुन्हा वर गेले तेव्हा वॉर्डात हशा चालला होता. बाबांनी बारीक, चिरक्या आवाजात घोषणा दिली होती, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," आणि समोरच्या खाटेवरचे, दम्याने बेजार झालेले एक आजोबा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ओरडले होते, "झालाच पाहिजे!" मी पोचले तेव्हा दोघांचं दुसऱ्यांदा चाललं होतं. नर्सही हसत होत्या. आई पदराने तोंड पुसत होती, हसत होती की काय ते कळत नव्हतं. मला हसता आलं नाही. बाबांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या आणि बांधलेला हात वर उचलायला ते धडपडत होते.

डॉक्टर आल्या. "सोडियम कमी आलंय," त्या मला म्हणाल्या. "गोंधळ त्यामुळेही असू शकतो. आधीचे आकडे मिळतील का? गुरुवारचा आणि शनिवारचा? एकदम पडलंय की हळूहळू, त्यावर किती वेगाने भरून काढायचं ते ठरतं. सिस्टीम बंद आहे म्हणतायत खाली."

"मी बघते," मी म्हटलं. सिस्टीम मीच बंद केली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पोचेपर्यंत कॉपी संपली होती. ठरल्याप्रमाणे जुनं मशीन बंद केलं आणि नव्या सर्व्हरच्या आतली त्याची प्रत सुरू केली. जुनी विंडोज उघडली, तोच निळा पडदा, तीच चिन्हं, कोपऱ्यात सरांनी कधीतरी ठेवलेला गुलाबाचा फोटो. सर खुर्ची ओढून बसले. मी लॅबच्या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. चौकट आली, "लायसन्स-की सापडत नाही."

जुन्या मशीनच्या मागे अंगठ्याएवढा एक हिरवा डोंगल लावलेला होता. तो लावलेला असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं, चोरीला आळा म्हणून. हे मला माहीत असायला हवं होतं. महिन्याभरापूर्वी पाहणी करताना मी मशीनची पुढची बाजू बघितली, आतली बघितली, मागची बघितली नाही. डोंगल जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टाला लावायचा. नव्या सर्व्हरला तसलं पोर्टच नव्हतं. माझ्या पिशवीत तसलं पोर्ट यूएसबीला जोडणारा एक कनेक्टर होता तो लावून बघितला. प्लॅटफॉर्मला कनेक्टर दिसला, डोंगल दिसला नाही.

"सॉफ्टवेअरवाल्यांचा नंबर आहे?" मी विचारलं.

सरांनी डायरीतून काढून दिला. तो नंबर अस्तित्वात नव्हता. "ते गृहस्थ एकटेच करायचे सगळं," सर म्हणाले. "चार-पाच वर्षांत आले नाहीत."

"सर, मला वडिलांचे दोन आकडे हवेत. आपण जुनं मशीन परत चालू करू."

"आणि हे?"

"हे राहू दे."

मी बटण दाबलं. पंखा फिरला, तीन वेळा शिट्टीसारखा आवाज आला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा तीन शिट्ट्या. नऊ वर्षं जे यंत्र एकदाही पूर्ण बंद झालं नव्हतं ते मी दुपारी बंद केलं होतं, आणि आता त्याला उठता येत नव्हतं. रुग्णालयातल्या सगळ्या पेशंटचे सगळे जुने रिपोर्ट आता एका न उघडणाऱ्या मशीनमध्ये आणि एका न उठणाऱ्या मशीनमध्ये होते. आणि त्यातले दोन आकडे बाबांचे होते.

सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते उठून गेले आणि पेन्सिलीचं खोडरबर घेऊन आले. "आमचा जुना इंजिनिअर हे करायचा," ते म्हणाले. मलाही ते ठाऊक होतं, पण सुचलं नव्हतं. मी झाकण उघडलं, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, कोरड्या कपड्याने पुसून परत बसवल्या. नाही. पुन्हा काढल्या, जागा अदलाबदल करून बसवल्या. शिट्टी झाली नाही. पडद्यावर अक्षरं आली.

सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा साडेचार वाजले होते. सरांनी बाबांचा नंबर टाकला, मी दोन्ही आकडे एका कागदावर लिहून घेतले आणि जिन्याने वर गेले. डॉक्टरांनी कागद घेतला, बघितला, फाइलला लावला.

"ठीक आहे. आम्ही हळूहळूच भरून काढायला सुरुवात केली होती. या वयात घाई नाहीच करत," त्या म्हणाल्या.

"किती वाजता सुरू केलं?"

"दीडच्या सुमाराला."

म्हणजे मी खाली घाम गाळत होते ते तीन तास त्या आकड्यांची कोणी वाट बघत नव्हतं. बरंच झालं, असं मी स्वतःला सांगितलं. खरंच बरं झालं होतं. तरी मी वॉर्डाच्या दाराशीच उभी राहिले, आत जायला धजेना.

आत आई बाबांना पेज भरवत होती. बाबा पुन्हा तेच विचारत होते, दादा खंय गेलो. माझ्या आईने चाळीस वर्षांत बाबांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. अहोशिवाय तिचं वाक्य सुरू व्हायचं नाही. ती मालवणीही नीट बोलत नसे, ती पुण्याकडची. आता ती चमचा पुढे धरून म्हणाली, "येतलो रे. तू दोन घास खा."

"येतलो?"

"येतलो. कर्फ्यू उठलो की येतलो."

बाबांनी तोंड उघडलं. चार चमचे पेज गेली. प्रत्येक चमच्याला त्यांनी विचारलं आणि प्रत्येक चमच्याला तिने तेच उत्तर दिलं, तितक्याच सावकाश. तिला हे कुठून सुचलं, मी कधी विचारलं नाही. मी दारातूनच परत फिरले, कारण मी दिसले असते तर ते पुन्हा दाराकडे बघायला लागले असते.

खाली जाऊन मी नवा सर्व्हर बंद केला, केबल गुंडाळल्या. लॅब जुन्याच मशीनवर चालू राहिली. सरांनी दिवसभराच्या हाताने लिहिलेल्या नोंदी एकेक करून त्यात भरायला घेतल्या, मी त्यांना वाचून दाखवल्या. साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. "ठीक आहे, पुढच्या रविवारी बघू," ते म्हणाले. पुढच्या रविवारी मी गेले नाही. गावाहून परतलेल्या मुलाने बरीच खटपट केली, पण डोंगल काही जुळला नाही. शेवटी काही महिन्यांनी रुग्णालयाने नवंच सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या नोंदींतल्या थोड्या त्यात गेल्या, बाकीच्या राहिल्या.

बाबांचा गोंधळ पाच दिवसांत उतरला. एका सकाळी त्यांनी आईला विचारलं, "चहात साखर विसरलीस का?" आणि आम्हाला कळलं. दहाव्या दिवशी ते घरी आले. वॉकर घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जायला लागले. वॉर्डातल्या त्या दिवसांतलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. घोषणा दिल्याचं सांगितलं तर त्यांना पटेना. "मी? चारचौघांत?" म्हणाले.

मी त्यांना एकदा त्या जुन्या दिवसाबद्दल विचारलं. दादा आला नव्हता त्या दिवसाबद्दल. ते खिडकीशी बसून वाटाणे सोलत होते.

"त्यात काय," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आला की. आईने आधी एक ठेवून दिली, मग जेवायला वाढलं."

"तुम्ही घाबरला होतात?"

त्यांनी जरा विचार केला. "नाही बुवा. मी लहान होतो. मला काय कळतंय?"

त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि मीही सोलायला बसले.